तिसरी किल्ली

आमच्या बचत गटाच्या पेटीला तीन कुलपं आहेत.
लोखंडी पेटी, निळी, एका कोपऱ्यात पोचा,
द्रानीच्या सायकलवरून पडली त्या सालचा.
तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन घरं,
आणि पेटी चौथ्याच घरी.
एकट्याला चोरी जमत नाही,
आणि तिघांचं एकमत करत बसण्यापेक्षा
बचत सोपी.

अकरा वर्षं तिसरी किल्ली माझ्या कमरेला.
गुडघे गेले, तेव्हा म्हटलं, आता कुणीतरी घ्या बायांनो.
शाळेतली एझारू म्हणाली, किडेनला द्या.

झाडाखाली इतकं गप्प झालं
की शेळी साल खात होती ते ऐकू आलं.

किडेन सीमेपलीकडची.
सात वर्षांपूर्वी आली, दोन पोरं आणि एक पातेलं घेऊन,
झाकण वाटेत कुठंतरी राहिलेलं.
पंपावर रांग सगळ्यांची एकच,
पण तिचा पिवळा कॅन कसा कोण जाणे
सरकत सरकत शेवटी जायचा.
मीही सरकवलाय. दोनदा.
बरं, तीनदा.

दर गुरुवारी ती यायची,
हजार शिलिंग, कधी पाचशे,
पैसे टाकून मागे बसायची,
जिथून बोललेलं पुढे पोचत नाही.
आमची भाषा तिला यायची बाजारापुरती,
भांडणापुरती नाही.
आणि सभा म्हणजे दुसरं काय असतं?

ओंदोगा उठला, आमचा हिशेबनीस.
"उद्या तिकडची लढाई थांबली
आणि ही किल्ली घेऊन गेली परत, तर?"
लोक हसले.
एझारू हसली नाही. "तर कुलूप तोडू.
तुझा भाऊ किल्ली खिशात घालून कंपालाला गेला,
तेव्हा काय केलं होतं?"

मला भलतंच आठवत होतं.
मी नऊ वर्षांची होते, इकडे गोळीबार चाललेला,
आणि आम्ही नदी ओलांडून गेलो होतो तिकडे,
हिच्या मुलखात.
सहा वर्षं राहिलो.
त्यांनी मका दिला, झोपडीला जागा दिली,
माझ्या तापात कुणी कडू पाला वाटून आणला.
खोटं कशाला बोलू, उपाशी नाही ठेवलं.
पण गावाची बैठक बसली की
माझा बाप कुंपणाबाहेर उभा राहायचा,
पोट भरलेला, हात मागे बांधलेला.
आमच्या गावात भांडणं मिटवणारा माणूस तो.
आत ये, असं कुणी म्हणालं नाही.
नको, असंही नाही.

हे मी सभेत सांगितलं नाही.
कमरेची गाठ सोडू लागले नुसती,
आणि ती सुटेना.

मग किडेन उठली.
वाटलं, आभार मानेल, रडेल बिडेल,
तिकडच्या घराच्या किल्लीची काही गोष्ट सांगेल.
(मी मागे एकदा विचारलं होतं. म्हणाली,
दाराला दोरी होती आमच्या, कुलूप कशाला?)

ती म्हणाली, "घेते. पण आधी वही काढा.
मार्चमध्ये पंपाच्या वायसरचे चौदा हजार
दोनदा लिहिलेत."

पुन्हा शेळी.
ओंदोगाने पानं उलटली, बोटं मोजली,
चष्मा पुसला, पुन्हा मोजली.
दोनदाच लिहिले होते.
"मागून ऐकू येतं," किडेन म्हणाली,
"बोललेलंच तेवढं पोचत नाही."

गाठ शेवटी एझारूने दातांनी सोडवली.

पुढच्या गुरुवारी किडेनला उशीर झाला.
धाकट्याला ताप होता म्हणे, दवाखान्यात रांग.
दोन कुलपं उघडून बसलो आम्ही.
ऊन सरकलं, सावली सोडून गेली,
कुणी कुरकुरलं, कुणी जांभई दिली,
ओंदोगा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आला
आणि म्हणाला, अजून दिसत नाही.

सगळं गाव
तिची वाट बघत बसलं होतं.